कादंबरीतला कप्तान

होळकरांचं राज्य मध्यभारतात गेलं आणि आमच्या ह्यांची दरबारच्या कचेरीतली नोकरी संपली. घरी बसून करायचं काय? हे दुपारी एक जुनी इंग्रजी कादंबरी हातात धरून मराठीत सांगायला लागले. ऐकायला मी आणि शेजारची इंदिरा. मी आपली डुलक्या काढायची.

इंदिरेचा नवरा पलटणीतला, ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाला. नऊ वर्षं पोर वाट बघत होती. कादंबरीतल्या कप्तानाची बायकोही अशीच वाट बघते, आणि तो जहाजासकट बुडतो. पण ते पान आलं आणि तिचा चेहरा बघून ह्यांची जीभ अडखळली. "परत आला," म्हणाले नि पुस्तक मिटलं.

त्या भरवशावर तिनं मुलींच्या शाळेतली चालून आलेली नोकरी टांगून ठेवली. "हे आले तर घरी कुणी नको?" म्हणे. मोठ्या बाईंनी सोमवारपर्यंत मुदत दिली होती. ह्यांनी मला रात्री सगळं कबूल केलं, तेव्हापासून मी मेलीनं शंभरदा बजावलं, खरं काय ते तिला सांगून टाका. "उद्या सांगतो," म्हणायचे. ह्यांना घास गोड लागेना.

त्यातच त्या कादंबरीवरचा हॉलिवुडचा सिनेमा टॉकीजला लागला. हे म्हणाले, "पडद्यावरच बघेल ती. मला बोलायला नको." थकल्या माणसाची अक्कल ही. शनिवारी दुपारच्या खेळाला तिघं गेलो. वादळात जहाज फुटलं, ह्यांनी डोळे मिटून घेतले. आणि शेवटी बघते तर दार उघडून कप्तान घरात! सिनेमावाल्यांनी शेवटच बदलला होता. इंदिरेनं माझा हात घट्ट धरला. "काकू, आला बघा." मला तर धरणी दुभंगावी असं झालं.

परतताना टांग्यात ती म्हणाली, "बडा गणपतीला थांबू या. नारळ चढवते."

"थांब इंदिरा," हे म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "पुस्तकात तो बुडतो. परत येत नाही. मी तुला खोटं सांगितलं."

मला ह्यांचा राग आला आणि कीवही आली. देऊळ मागे पडलं.

"त्याची बायको किती वर्षं थांबली होती, काका?" इंदिरेनं विचारलं.

ह्यांनी मान खाली घातली. "एकच."

इंदिरेनं डोळे पुसले आणि टांगेवाल्याला म्हणाली, "भिया, टांगा मोड़ लो. मोठ्या बाईंच्या घरी जायचंय."