दोन्ही राहतील

वेल्ह्याच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. माझा घरचा कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली टाकायची तर आधीची विंडोज पुसावी लागेल, असं सगळे सांगत. पण माझ्या दिवंगत पत्नीनं लिहिलेल्या आठवणी त्या जुन्या विंडोजमध्येच उघडत.

कॉम्प्युटर त्यांच्या दुकानात नेला, तेव्हा बाईंनी आधी सगळ्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "पुसायचं कशापायी, सर? दोन्ही ऱ्हातील की. चालू करताना मशीन इचारंल, कुठली पायजे. तुमी सांगायचं."

दुपारी काम झालं. मी विंडोज निवडली, पत्नीची फाईल उघडली. पहिली ओळ दिसताच बाई उठल्या. "वाचा निवांत," म्हणाल्या आणि दुकान माझ्यावर सोपवून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.