स्मरणिकेचं अकरावं पान

मी थकले आहे हे आधीच सांगून टाकते. सत्तावन्नावं चालू आहे, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि गुडघे माझ्याआधीच निवृत्त झाले आहेत. रोज सकाळी डहाणूहून तलासरीची एसटी, फाट्यावर उतरून शेअर रिक्षा, आणि ओढ्यापासून पुढे शाळेपर्यंत पायी. शाळा जिल्हा परिषदेची, आठवीपर्यंतची. मी वरच्या तीन वर्गांना मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर माहिती भरते. कसली माहिती ते विचारू नका. भरली नाही तर फोन येतो, भरली तर पुन्हा भरा म्हणून फोन येतो.

मागच्या दिवाळीनंतर आम्हाला डहाणूला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. माझ्या मुलाच्या वयाचे एक साहेब पडद्यावर एकेक चौकोन दाखवत होते. मुलांनी यापुढे नुसता निबंध लिहायचा नाही, बाजू मांडायची. आधी आपलं म्हणणं, मग त्याला पुरावा, मग विरुद्ध बाजू काय म्हणते ते, मग तिला उत्तर आणि शेवटी संदर्भांची यादी. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, वर्ष, पान. ऐकीव माहिती अजिबात चालणार नाही, असं ते तीनदा म्हणाले. मीही वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. 'मी मुख्यमंत्री झालो तर' तपासता तपासता माझी हयात गेली आहे. एकही मुख्यमंत्री कधी पुरावा देत नाही.

वर्गात शिकवलं आणि आठ दिवसांनी निबंध गोळा केले. संदर्भ म्हणून निम्म्या मुलांनी 'गुगल' लिहिलं होतं. तिघांनी 'माझे मामा'. एकाने मात्र फरसाण बांधून आलेला गुजराती पेपरचा तुकडा निबंधाला टाचला होता आणि खाली रीतसर पेपरचं नाव, तारीख, पान सगळं लिहिलं होतं. तेलाचा डाग पार दुसऱ्या पानावर उतरला होता. त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

आठवीतल्या एका मुलीने विषय घेतला होता: शाळेसमोरची चिंच तोडू नये. शाळेला संरक्षक भिंत मंजूर झाली होती. आखणी सरळ रेषेत, आणि चिंच बरोबर त्या रेषेवर. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक पंधरा दिवसांवर होती, तिथे एकदा ठराव झाला की मग झाड जाणार. ही मुलगी वर्गात फारसं बोलायची नाही. मधल्या सुट्टीत त्या चिंचेखाली बसून डबा खायची, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत. निबंधात मात्र तिने नेटाने बाजू मांडली होती. चिंच शाळेपेक्षा जुनी आहे, असं तिचं म्हणणं होतं. झाड होतं म्हणून शाळा इथे भरली. तिच्या आजाच्या लहानपणी शाळेला खोलीच नव्हती, चिंचेच्या बुंध्याला खिळा ठोकून त्यावर फळा टांगायचे आणि मुलं खाली बसायची. संदर्भ: माझा आजा.

मी एसटीत बसून निबंध तपासत होते. गाडी हलत होती, कंबर दुखत होती. मी समासात लाल पेनने लिहिलं, 'ऐकीव. छापील संदर्भ आण.' आणि पुढचा निबंध घेतला. एक शब्द, मग तीन शब्द, एवढं लिहायला मला काही विचार करावा लागला नाही.

ती खरंच आणायला गेली. ऑफिसातलं गोदरेजचं कपाट उघडायला शिपायाला तिने दोन दिवस भंडावून सोडलं, असं नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी नवा निबंध घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. निबंधातून आजा गेला होता, त्याचा फळा आणि खिळाही गेला होता. आता लिहिलं होतं की शाळा सुरू झाली त्या दिवशी पहिल्या गुरुजींनी स्वतःच्या हाताने ही चिंच लावली, म्हणून ती त्यांची आठवण आहे आणि तोडणं बरोबर नाही. खाली संदर्भ क्रमांक एक: शाळेची रौप्य महोत्सवी स्मरणिका, पान अकरा, आणि लेखिकेचं नाव.

ते नाव मी वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. ते माझं माहेरचं नाव होतं.

ही शाळा माझी पहिली नोकरी. तेव्हा मी बाविशीची, लग्न व्हायचं होतं. स्मरणिकेचं एक पान रिकामं राहत होतं आणि दुसऱ्या दिवशी मजकूर डहाणूच्या छापखान्यात द्यायचा होता. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "त्या चिंचेवर काहीतरी लिहून टाका, मराठीच्या बाई ना तुम्ही?" मी कोणालाही काही न विचारता तासाभरात पान भरलं. 'आद्य गुरुजींनी स्वहस्ते लावलेले इवलेसे रोपटे' असं लिहिलं. स्वहस्ते हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. चिंच कोणी शुभारंभाला लावतं का, एवढाही प्रश्न मला पडला नाही. बुंध्याकडे नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं, तो दोन माणसांच्या कवेत मावत नाही. पुढे लग्न झालं, नाव बदललं, बदल्या झाल्या, तीन शाळा फिरून मी पुन्हा इथेच आले. ते पान मी साफ विसरले होते.

"बाई, आता बरोबर आहे ना?" मुलीने विचारलं.

"मांडणी बरोबर आहे," मी म्हणाले.

"ह्या बाई आता कुठे असतील? भेटल्या असत्या तर मुलाखत घेतली असती."

"काय माहीत," मी म्हणाले. पस्तीस वर्षांत त्या चिंचेबद्दल मी दुसऱ्यांदा खोटं बोलले, आणि या वेळी तर घाईही नव्हती.

मुख्याध्यापकांना निबंध भलताच आवडला. आमचे सध्याचे मुख्याध्यापक तरुण आहेत, उत्साही आहेत. पहिल्या गुरुजींचा फोटो ऑफिसात आहे, दर पंधरा ऑगस्टला त्याला हार घालतात. "हे तर आम्हाला माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "समितीत हिलाच वाचायला लावू. गुरुजींनी लावलेलं झाड म्हटल्यावर तोडायला कोण हात वर करील?" मुलगी इतकी हसली की तिचा तुटका दात मला पहिल्यांदा दिसला.

मी गप्प बसायचं ठरवलं. लपवाछपवी कशाला करू, चांगलं ठरवून ठरवलं. खोटं असलं तरी कामाला येतंय, झाड वाचतंय, पोर खूष आहे. सांगून मिळणार काय? दोन वर्षांनी मी घरी बसणार. या वयात कोणाकोणापुढे मान खाली घालायची? थकलेल्या माणसाला गप्प बसायला फार कारणं लागत नाहीत, मला तर ढीगभर मिळाली.

बैठकीच्या आदल्या आठवड्यात ती मधल्या सुट्टीत वाचनाचा सराव करायला माझ्याकडे आली. वाचून झाल्यावर मी सहज विचारलं, "घरी वाचून दाखवलास का?"

"आजाला दाखवला."

"मग? काय म्हणाले?"

"आधी नाय नाय म्हणाला. मी पुस्तक दाखवलं. मग पुष्कळ वेळ बघत बसला." तिने कागदाची घडी घातली. "म्हणाला, छापलंय तर तसंच असंल. माझंच डोकं फिरलं असंल. आता फळ्याचं सांगतच नाय तो. आधी रोज सांगायचा."

हे तिने अगदी सहज सांगितलं. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात काही आहे हे तिला कळलंही नव्हतं, आणि छापलेलं तेच खरं हे तिला मीच शिकवलं होतं. सत्तरीच्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं पुसून टाकलं होतं, कारण एका बाविशीच्या बाईने न पाहिलेलं छापून आलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. अशी लाज मला बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती, थकव्यात तीही कुठेतरी मागे पडली होती.

घंटा झाली तरी मी तिला जाऊ दिलं नाही.

"स्मरणिकेतल्या त्या बाई म्हणजे मीच," मी म्हणाले. "ते माझं लग्नाआधीचं नाव आहे. आणि गुरुजींनी झाड लावलं हे मी मनाने लिहिलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. ते खोटं आहे."

मला वाटलं, ती रडेल किंवा निदान रागावेल. ती म्हणाली, "मग आता झाड?"

मी म्हणाले, "आधी तुझ्या आजाकडे जाऊ."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निघालो. तिचा पाडा फार लांब नाही, पण चढ आहे आणि ऊन डोक्यावर आलं होतं. मी तीनदा थांबले. मुलगी दरवेळी पुढे जाऊन निमूट माझी वाट बघायची. आजा अंगणात बांबूच्या पट्ट्या सोलत बसला होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने घोलवडच्या चिकूवाड्यांत मजुरी केली, आता चिकूच्या टोपल्या विणून देतो. मला बघून उठू लागला.

"बसा बाय, बसा. पोरीनं काय केलं?"

"तिने काही नाही केलं. मी केलं," असं म्हणून मी सगळं सांगितलं. छापखाना, रिकामं पान, स्वहस्ते. सांगताना माझ्याच कानांना ते फार क्षुल्लक वाटत होतं. एक पान भरायचं होतं म्हणून.

त्याने हातातली पट्टी खाली ठेवली. "म्हनजे फळा व्हता?"

"मला कसं ठाऊक असणार? तुम्ही होतात तिथे. तुम्ही सांगा."

"व्हता," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "व्हता ना! वारा आला का आपटायचा. गुरुजी मना धरायला लावायचं, मी उंच व्हतो." आणि नातीकडे वळून म्हणाला, "तुला सांगत व्हतो का नाय मी?"

ती खाली बघत होती. तो माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "चार दिस मी इचार करत व्हतो बाय, का नव्हता तर मना दिसतो कसा."

सोमवारी शाळा भरायच्या आधी मुलीने मला हाताला धरून चिंचेकडे नेलं. मागच्या अंगाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, सालीत एक गाठ होती. गाठीच्या मधोमध गंजलेल्या लोखंडाचं टोक, जेमतेम नखाएवढं. बाकीचा खिळा झाडाने गिळला होता. रविवारी आजाला घेऊन येऊन तिने तो शोधला होता. त्या झाडाखालून मी किती वर्षं ये-जा केली असेल, मला तो कधी दिसला नव्हता.

तिने निबंध तिसऱ्यांदा लिहिला. समितीत वाचला. संदर्भ क्रमांक एक, आजाचं पूर्ण नाव, पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, मुलाखत. क्रमांक दोन, झाडावरचा खिळा, प्रत्यक्ष पाहिला. क्रमांक तीनला माझी दोन्ही नावं, आणि पुढे: स्मरणिकेतील मजकूर खरा नसल्याचे लेखिकेने स्वतः सांगितले. तिने ते एका दमात वाचलं. मुख्याध्यापक माझ्याकडे बघायला लागले, समितीतले दोघेतिघे कुजबुजले. मी उभी राहून "बरोबर आहे" म्हणाले आणि गुडघे धरत खाली बसले. भिंत वळवून घ्यायची की नाही हे अजून ठरलेलं नाही. इंजिनियर येऊन बघणार आहेत, कधी ते त्यांनाच माहीत. चिंच तूर्त उभी आहे.

बैठक संपल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. हातात तिचा पहिला निबंध होता, चुरगळलेला, समासात माझी लाल शाई.

"बाई, हे खोडून द्या ना. आजाला दाखवायचंय."

मी पर्समधून तोच लाल पेन काढला. 'ऐकीव. छापील संदर्भ आण' यावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. तिने कागद डोळ्यांजवळ नेऊन सही बघितली, मग पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"तारीख पण टाका बाई," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."