हात बघून कोयता देणारा

आगाशीच्या बाजारात लोहारदादाकडे कोयता घ्यायला गेलं की तो आधी कोयता दाखवायचा नाही. म्हणायचा, "हात दाखव." नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, लोहार जोडीला ज्योतिषही बघतो. दादा तळवा उलटा-सुलटा करायचा, अंगठ्याने दाबून बघायचा, मग स्वतःची दोन बोटं त्याच्या मुठीत द्यायचा आणि सांगायचा, "आवळ." एवढं झाल्यावर कधी आतून नेमका एक कोयता काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, तर कधी म्हणायचा, "आज नाही. परवा ये." परवा का, ते विचारायची सोय नव्हती.

अर्नाळ्याची एक कोळीण टोपली खाली ठेवून त्याच्याशी रोज भांडायची. "हात दाखव म्हनतंस, लगीन करतंस का काय माज्याशी?" दादा भात्यापुढून मान वर न करता म्हणायचा, "तुझी मूठ आवळली तेव्हाच तुझ्या घोवाची कीव आली. जड कोयता तुला देणार नाही, हलका ने." ती हसत हसत हलका न्यायची आणि जाताना बजावायची, "पानी बरोबर दिलंस ना रं? गेल्या टायमाला सुरमईच्या मानंवरच अडकला." लोखंड लाल करून पाण्यात बुडवायचं, त्याला पाणी देणं म्हणतात. त्यात दादाची चूक काढायची हिंमत त्या एका बाईची होती. बाकी कोणी काढली तर दादा कोयता परत मागून घ्यायचा.

मी तिसरीपर्यंत शिकलो. त्यापुढे वाडी, केळी आणि पानवेल. माझ्या हयातीत मी दुसऱ्या कोणाचा कोयता हातात धरला नाही. त्यामुळे दादाबद्दल लिहायचा हक्क माझा आहे, असं मी समजतो. तो गेल्या पावसाळ्यात गेला. कामणला गेला म्हणत नाही, कामणला तो सुनेबरोबर त्याआधीच राहायला गेला होता. देवाघरी गेला म्हणतो.

त्याची दुसरी खोड कुंकवाची. दसऱ्याला सगळेच अवजारांची पूजा करतात. दादाचा दसरा रोज असायचा. नवा कोयता दुकानाची पायरी उतरायच्या आधी त्याच्या पात्यावर हळद आणि कुंकवाचं बोट उठलंच पाहिजे. आमचा पास्कोल, नंदाखालकडचा, नाताळाच्या आधी कोयता न्यायला यायचा. तो म्हणायचा, "दादा, आमच्यात कुंकू नाय चालत रे." दादा म्हणायचा, "तुला कुठे लावलं? लोखंडाला लावलं. लोखंडाचा धर्म तुला काय माहीत?" पास्कोल ते कुंकू तसंच घेऊन जायचा. वेशीवर पुसत होता की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

हात बघायची रीत पहिल्यापासूनची नव्हती. आम्ही ऐन उमेदीत होतो तेव्हा दसऱ्याच्या गर्दीत दादाने एकाला न बघता कोयता दिला. त्या घरात दोन भावांचा बांधावरून वाद चालला होता. संध्याकाळी धाकट्याला मनगटापासून लोंबत्या हाताने दवाखान्यात नेलं. पोलीस दादाला काही बोलले नाहीत, गावही काही बोललं नाही. पण दादा दवाखान्यात जाऊन बसला. परत आला तेव्हा मला म्हणाला, "नाना, थोरला घ्यायला आला तेव्हा त्याचा हात कापत होता रे. मी पाती मोजत होतो." तेव्हापासून रागात असलेल्या माणसाला त्याने लोखंड दिलं नाही. परवा ये म्हणायचा तो त्यासाठी. बहुतेक लोक परवा यायचेच नाहीत. आले तर हसत यायचे.

अलीकडे कोणा पुढाऱ्याची पोरं त्याच्याकडे तलवार करून मागायला आली. भाऊंचा वाढदिवस, केक तलवारीने कापायचा, असं ठरलेलं. दादा म्हणाला, "केकला सुरीसुद्धा जास्त होते. दोरा न्या, सरळ कापला जाईल." एक जण पुढे सरकला, "म्हाताऱ्या, ओळखतोस का आम्हाला?" दादा म्हणाला, "म्हणूनच देत नाही." मी तिथेच ओट्यावर बसलेलो होतो. पोरं गेल्यावर म्हटलं, "दादा, दुकानाला आग लावतील." तो म्हणाला, "दुकानात आगच आहे. आणखी काय लावणार?"

हा सगळा ताठा चालला तो वाड्या होत्या तोवर. वाड्यांच्या जागी इमारती उठल्या तसे कोयते कमी लागायला लागले. इमारतीतला माणूस नारळ सोललेला आणतो, मासळी कापून आणतो, केळीचं पान सणाला बाजारातून आणतो. दादाचा मुलगा तरुणपणीच कावीळ होऊन गेला. मागे सून, सुनंदा. माहेर तिकडे देशावर कुठेतरी. हिने सासऱ्यासमोर घण उचलला. बाजारात पहिल्यांदा बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दादा त्यांना म्हणाला, "हसा. तुमच्या विळ्या हीच करणार आहे." आणि खरंच, पुढे विळ्या तीच करायची. दादाने तिची स्तुती केलेली मी ऐकली नाही, पण तिचा घण चुकला की तो ओरडायचा आणि बरोबर बसला की गप्प राहायचा. तो गप्प राहू लागला, यावरून काय ते समजा.

दुकान चालू ठेवायचं तर गिऱ्हाईक लांबचं शोधायला हवं, हे सुनंदाने ओळखलं. फोनवर दुकान मांडायचं, लोकांनी फोनवरच पैसे भरायचे, आपण कुरिअरने कोयता पाठवायचा. पैसे घ्यायला एका कंपनीचं खातं काढलं. त्या कंपनीचं नाव मला उच्चारता येत नाही आणि येत असतं तरी मी ते इथे लिहिलं नसतं. दादा आधी साफ नाही म्हणाला. "माणूस दिसत नाही, त्याला लोखंड कसं देऊ?" सुनंदा म्हणाली, "बाबा, हाताचा फोटो मागवते." दादाने भाता थांबवला. विचार केला. म्हणाला, "मूठ आवळलेला पण मागव."

काय सांगू तुम्हाला! कुठकुठून हातांचे फोटो यायला लागले. मेंदी लावलेले, अंगठ्या घातलेले, नखं रंगवलेले. दादा चष्मा लावून फोनमध्ये बघायचा. "ह्या बाईला लहान मुठीचा दे. ह्याने जन्मात काही कापलेलं नाही, ह्याला कागद लिहून पाठव, धार आपल्याकडून बाहेर असावी म्हणून." एका बाप्याला नाही म्हणाला. का, तर मुठीची बोटं पांढरी झाली होती. सुनंदा कपाळाला हात लावायची, "अहो बाबा, त्याने फोटोसाठी आवळलीय!" दादा म्हणायचा, "फोटोसाठी एवढी आवळतो, तर बायकोसमोर किती आवळेल?" लोकांनाही मौज वाटली असणार. कोयते जायला लागले. दादा पुन्हा सकाळी लवकर भट्टी पेटवायला लागला. मी वाडीतून येताना बाजाराच्या टोकाशीच ठोके ऐकू यायचे.

मग दसरा आला. सुनंदाने सगळे नवे कोयते पाटावर ओळीने मांडले, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू दादाने लावलं. दादाने त्या दिवशी कुंकू ओलं केलं होतं, हात सैल ठेवला होता, पात्यांवर लाल ओघळ उतरले होते. आमच्या डोळ्यांना ती पूजा. सुनंदाने हौसेने फोटो काढला आणि आपल्या फोनवरच्या दुकानात सगळ्यांत वर लावला. दोन दिवसांत कंपनीने खातं बंद केलं. कळवलं काय, तर तुम्ही शस्त्रं विकता आणि शस्त्रांचे पैसे आमच्याकडून घेता येत नाहीत, नियमात बसत नाही.

सुनंदाने फोन लावला. मी तिथेच होतो. पलीकडे मुलगी मराठी बोलणारी, आवाजाने गोड. तिने नियम वाचून दाखवले, बंदूक, दारूगोळा, तलवार, सुरे, असं बरंच. दादाने हात पुढे केला, फोन घेतला. "बाई, तुमच्या घरी नारळ कोण सोलतं?"

"सर, आम्ही सोललेलाच आणतो."

"मग तो सोलणारा कशाने सोलतो?"

"सर, ते मला सांगता येणार नाही. फोटोत रक्तासारखं दिसतंय सर, तपासणीत तेच आलंय."

"कुंकू आहे ते."

"हो सर, मला कळतंय. माझ्या आजीकडे पण लावतात. पण मी काही करू शकत नाही सर. अर्ज करा."

दादाने फोन सुनंदाला दिला. मला वाटलं, आता कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. तो म्हणाला, "पोरीचं चूक नाही. कंपनीचंही चूक नाही. कोणाच्या हातात काय जातं हे बघायलाच पाहिजे. मी माणूस बघून नाही म्हणतो, हे वस्तू बघून नाही म्हणतात." मग म्हणाला, "पण त्यांना परवा ये म्हणता येत नाही. तिथे घोळ आहे."

अर्ज केला. उत्तर आलं की विळी, खवणी, घरातल्या सुऱ्या चालतील. कोयता काढून टाका, खातं सुरू करू. सुनंदाने चौकशी केली तेव्हा दुसऱ्या एका दुकानदाराने तिला वाट सांगितली. कुंकू न लावता फोटो काढायचा, शेजारी फुलांची कुंडी ठेवायची आणि खाली लिहायचं, बागकामाचं साधन. तिने सासऱ्याला सांगून बघितलं. रडून बघितलं. मग माझ्याकडे आली. "नाना, तुमचं ऐकतील. कोयते गेले तरच भट्टी राहते. नुसत्या विळ्यांवर कोळसासुद्धा निघत नाही."

मी गेलो. म्हटलं, "दादा, घाल की दुसरं नाव. कोयता तोच राहतो. पोरीने जीव टाकलाय ह्यात."

दादा म्हणाला, "नाना, परवा तो जागेचा एजंट तुझ्या वाडीला गार्डन म्हणाला, तर तू त्याच्या अंगावर पानवेलीचा वासा घेऊन का धावलास?"

तो पुढे म्हणाला, "नाव बदलून पोर शाळेत घालतात का? ज्याला तोंडाने कोयता म्हणायची लाज वाटते त्याने तो वापरू नये, आणि ज्याला लपवून विकावा लागतो त्याने तो करू नये." सुनंदा आत निघून गेली. तिने भांडं आपटलं ते आम्हा दोघांना ऐकू आलं. दादाने ऐकलं नाही असं दाखवलं.

कोयते काढले. खातं सुरू झालं. दादा विळ्या करायला बसला. विळी वाईट होत नव्हती, पण इमारतीतल्या किती बायका आता खाली बसून चिरतात? दिवाळीला थोड्या गेल्या, मग थांबल्या. भट्टी एक दिवसाआड पेटायला लागली, मग आठवड्याने. सुनंदाला कामणजवळच्या गोदामात खोकी भरायचं काम मिळालं. आगाशीहून जायचं-यायचं म्हणजे दिवस बसमध्येच जाणार, म्हणून तिथेच खोली घ्यायचं ठरलं. ती सासऱ्याला सोडून गेली नाही, बरोबर घेऊन गेली, हे आधी लिहितो. लोकांनी त्या वेळी उगाच जिभा चालवल्या होत्या.

मी खूप विचार करून बघितला की ह्यात राग कोणावर काढावा. राग धरायची मला सवय आहे, बरीच वर्षं धरून ठेवता येतो. पण कंपनी म्हणावी, तर दादाच तिची बाजू घेऊन गेला. सुनंदा म्हणावी, तर तिच्यासारखी सून आगाशीत दाखवा. दादाला म्हणावं, तर मी त्याच्या जागी दुसरं काय केलं असतं? काहीच नाही. तोच हट्ट केला असता. त्यामुळे हळहळ तेवढी उरते, आणि ती कोणाच्या अंगावर टाकता येत नाही.

जायच्या दिवशी नालासोपाऱ्याचा भंगारवाला टेम्पो घेऊन आला. घण, सांडश्या, फुटका भाता, उरलेले पत्रे, सगळं चढलं. ऐरण शेवटी. ती दादाच्या आज्याची. तिला हलवायला भंगारवाला, त्याचा भाऊ आणि बाजारातले आणखी दोघे लागले. दादा पायरीवर तोंड त्यांच्याकडे करूनच बसला होता. मला वाटलं होतं, पाठ फिरवेल. त्याने फिरवली नाही.

भंगारवाल्याने खिशातून फोन काढला. "ताई, कशावर पाठवू?" सुनंदाने आपला फोन पुढे धरला. तेच खातं, त्याच कंपनीचं. टिंग असा आवाज झाला.

दादाने विचारलं, "आले?"

"आले, बाबा."

"अडवलं नाही?"

"नाही."

"काय विकलं म्हणून विचारलंही नाही?"

सुनंदाने फोन ओच्यात खोवला. सासऱ्याकडे न बघता म्हणाली, "भंगार आहे ना, बाबा. भंगार चालतं."

दादा त्यावर काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. भंगारवालाही का कोण जाणे थांबला. दादाने टेम्पोकडे बघितलं, सुनेकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं."

एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.