पहिली फळी

महाड आणि पोलादपूर मिळून जेवढे कान आहेत, त्यांत खरे ऐकणारे दोनच, आणि ते दोन्ही आमच्या घड्याळवाल्या काकांच्याच डोक्याला होते. काका माझ्या नात्याचे नव्हेत. महाडच्या बाजारपेठेत ज्या माडीवर बसून मी पत्रकं लिहितो, तिच्या खाली त्यांचं दुकान. घड्याळांबरोबर ते गाण्याच्या तबकड्या वाजवणारे फोनोही दुरुस्त करीत. एखादा चाकरमानी मुंबईहून बिघडलेला फोनो घेऊन येई. काका तो दुपारी नीट करीत आणि पुढे पंधरा दिवस "चाचणी चालू आहे" म्हणून ठेवून घेत.

त्या चाचणीतून त्यांची यादी निघे. दुकान बंद करायच्या नऊ फळ्या. प्रत्येकीच्या आतल्या अंगाला खडूने एकेका गाणाऱ्याचं नाव. जो चढला त्याची फळी पुढे, उतरला त्याची मागे. सुताराने प्रत्येक फळी तिच्या जागेपुरती तासलेली, त्यामुळे जागा बदललेल्या फळ्यांची रोज संध्याकाळी खाचेशी मारामारी आणि आळीभर खडखडाट. काकांना बसवत नसे. उघडं घड्याळ तसंच टाकून, चिमटा दातांत धरून ते उठत. "या नाटकवाल्याच्या ताना संपतच नाहीत. चौथा." एकदा वकील आपलं घड्याळ झालं का विचारायला आले, तर काका म्हणाले, "घड्याळ राहू द्या. ठुमरीवाल्या बाईंना दुसरा नंबर दिला, तो बरोबर का?"

पहिली फळी मात्र कोरी. "तो अजून ऐकायचाय," म्हणत.

मग आमच्या सभेला पोलादपूरचा जलसेवाला आला. वेशीबाहेरच्या वस्तीतला, डफावर गाणारा. गावचं पाणी सर्वांना खुलं करा, एवढंच आमचं मागणं. काका रस्त्यापलीकडे, आपण सहज उभे आहोत अशा चेहऱ्याने शेवटपर्यंत उभे. दुसऱ्या दिवशी एकही फळी हलली नाही.

"पहिला तोच," ते हळूच म्हणाले.

"मग लिहा. आणि रस्त्याच्या अंगाला लिहा."

"गिऱ्हाईक जाईल रे."

"म्हणजे कान खरे आणि तुम्ही खोटे," मी म्हणालो. मला काय, माडीवर गिऱ्हाईक येत नाही.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या सकाळी पहिल्या फळीवर, रस्त्याच्या अंगाला, पांढऱ्या रंगात जलसेवाल्याचं नाव होतं. आठवड्यात घड्याळं परत गेली. वकील तर बंद पडलेलंच घेऊन गेले.

बातमी ऐकून जलसेवाला आला. त्याला अक्षर येत नव्हतं; मी वाचून दाखवलं.

"दुसरं कोन हाय?"

मी सांगितलं.

"मग त्या बाईंनाच पयल्या करा, काका. माझा गळा पावसात बसतो. माझ्यापायी दुकान घालवू नका."

"यादी माझी आहे," काका म्हणाले. "तू गा."

पुढच्या उन्हाळ्यात ते पुतण्याकडे मुंबईला गेले. आठ फळ्या शेवटच्या दिवसापर्यंत मागेपुढे होत होत्या. पहिली हलली नाही. खाली आता तंबाखूवाला आहे. त्याने फळ्या रंगवल्या, सुताराच्या क्रमाने लावल्या. दुकान एका दमात बंद होतं. पूर्वी त्या खडखडाटाने माझी शाई सांडायची, मी वरून ओरडायचो. अजूनही संध्याकाळी त्या वेळेला मी लेखणी कागदावरून उचलून धरतो. खाली काही वाजत नाही.