अर्धा पेला पाणी

धुळ्याच्या माजी सैनिकांच्या कचेरीतले ते कारकून फाइल उघडण्याआधी चष्मा पुसत, मग टेबल पुसत, आणि मग असे बघत की वाटे, आता मलाही पुसणार! महायुद्धात वडील कुठे कुठे होते, हे विचारायला मी चौथ्यांदा आलो होतो. वडील काही न सांगताच वारले होते.

"बठ्ठं कागदवर नही ऱ्हास, भाऊ. सगळंच काही लिहिलेलं नसतं," ते म्हणाले. "वडील पाणी कसे प्यायचे?"

"अर्धा पेला. उरलेलं संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायचे. आई चिडायची, दारात पांझरा नदी वाहते म्हणायची."

"मग वाळवंटात होते. दिवसाला एकच बाटली मिळे. दाढीसुद्धा त्यातच."

तुम्हाला कसं ठाऊक, असं विचारणार होतो. तेवढ्यात त्यांनी आपला पेला अर्धा रिकामा केला आणि उरलेल्या पाण्यावर जपून बशी ठेवली.