नवरीच्या आत्याचं चॅनेल

वरवंडला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न, आणि मी, घरचा जावई, फेटा बांधून मिरवायचं सोडून मिक्सरमागं बसलेलो. साउंडवाला माझा शाळेतला दोस्त. दाट मुहूर्त, त्याला त्याच वेळी दौंडलाही लग्न होतं. सगळं जोडून देऊन तो म्हणाला, "कारखान्यात येवढी मशिनं बघतोस, ह्याला काय भितोस? येक चॅनेल म्हंजी येक माईक. वरची गोल बटणं गेनची, हिरीतनं किती उपसायचं ते. खालच्या सरकत्या खुंट्या म्हंजी फेडर, वाफ्याला किती सोडायचं ते. शिट्टी वाजली की फेडर खाली. बास!"

मी शिक्रापूरच्या कारखान्यात हजेरी बघतो, मशिनं नाही. पण ते ऐकायला तो थांबला कुठं?

मला चिंता एकाच चॅनेलची होती. त्याच्यावर चिकटपट्टी लावून मी लिहिलं होतं, 'नवरीची आत्या'. म्हणजे आमच्या सौ. मागच्या लग्नात तिनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं तेव्हा माईकच बंद होता. ते फक्त भटजींनी आणि करवलीनं ऐकलं. आता भाचीसाठी नवं रचलं होतं. चपात्या लाटताना इतकं घोकलं होतं की मलाही पाठ झालं. गाडीत बजावून झालं होतं, "ह्या खेपेला शब्द न् शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला पाहिजे."

स्टेजवर एक स्पीकर गाणाऱ्याकडं तोंड करून ठेवतात, मॉनिटर म्हणतात त्याला. गाणाऱ्याला आपला आवाज ऐकू यावा म्हणून. आमचे चुलत सासरे, आबा, कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिले.

"जावईबापू, ह्यो पाव्हण्यांकडं पाठ करून बसलाय की!"

"आबा, तो तसाच असतो."

"आसंल तुमच्या गावाकडं, केंदुरात. आमच्यात पाव्हण्यांकडं कुनी पाठ करत न्हाई."

आणि दोघांना हाक मारून त्यांनी तो मांडवाकडं वळवला. गंध लावायचं तेवढं बाकी ठेवलं. सासरवाडीत आबांशी वाद घालणारा जावई अजून जन्मायचाय.

अंतरपाट धरला. सौ.नी पहिली ओळ म्हटली. मांडवात ती खणखणीत ऐकू आली, फक्त तिला सोडून. ती थांबली. माईकवर दोनदा टिचकी मारली.

"अहो! चालू केलाय का? का गेलात जेवायला?"

सगळा मांडव खदखदला. मागून आचारी ओरडला, "येतोय आवाज, आत्याबाई! म्हना तुम्ही!"

तिचा विश्वास बसला नाही. माईक बंदच आहे असं धरून तिनं पदर खोचला आणि नरड्याच्या जोरावर सुरू केलं. मी गेन तिच्या रोजच्या मवाळ आवाजाला लावलेला. मिक्सरवरचे लाल दिवे नाचायला लागले. एक कडवं झालं, अक्षता पडल्या. दुसरं झालं. तिसऱ्यात दोन्हीकडचे मामा आले, चौथ्यात गोठ्यातली जर्सी गाय आली. अंतरपाट हसण्यानं हलत होता. भटजी घड्याळावर बोट आपटत होते. मेव्हणा हातानं खुणावत होता, खाली, खाली!

"दाजी, आवरा! मुहूर्त चाललाय!"

माझं बोट फेडरवर. हळूच खाली ओढला असता तरी तिला कळलं नसतं. तिला ऐकूच येत नव्हतं. संसारात अशी सत्ता पुन्हा मिळायची नव्हती. एवढ्यात अंतरपाटाच्या कडेनं नवरी दिसली. मुंडावळ्या सावरत, डोळे पुसत, पोट धरून हसत ती आत्याकडं बघत होती.

मी फेडर वर सरकवला, पार टोकापर्यंत. कर्कश शिट्टी सुटली. मांडवातल्या पोरांना वाटलं हीच रीत. त्यांनीही शिट्ट्या ठोकल्या. त्या गदारोळात सौ.नी शेवटचं 'सावधान' असं काही लांबवलं की हमरस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन साथ केली, आणि भटजींनी हात जोडून आधी तिच्यावरच अक्षता टाकल्या.