नानाजींची सुई

माझी नात वेबसाइटी बनवते. कॉम्प्युटरला प्रश्न विचारायचा, आलेल्या उत्तरांतली एकेक ओळ उचलायची आणि पानावर मांडायची, असं तिचं काम. मला कौतुक आहे, पण नवल नाही. आमच्या वेळी नागपूरच्या गांधीबागेत, एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, अशी उत्तरं टेबलावर टपाटप पडायची. पाडणाऱ्याचं नाव नानाजी धकाते.

नानाजी मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. माग सोडून ते सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत लागले आणि तिथे त्यांनी भोकांच्या कार्डांची युक्ती पाहिली. रिटायर झाल्यावर त्याच युक्तीवर त्यांनी वधूवर सूचक मंडळ काढलं. प्रत्येक स्थळाचं एक जाड कार्ड. काठाने भोकं, आणि एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. मॅट्रिक झालेली आहे का? नागपुरातली आहे का? उत्तर 'हो' असलं की त्या भोकापासून काठापर्यंत कात्री चालायची. मग कोणी मॅट्रिक मुलगी मागितली की सगळी कार्डं जुळवून त्या भोकातून स्वेटर विणायची सुई घालायची, उचलायची आणि हलवायची. न कापलेली कार्डं लटकून राहत, कापलेली खाली पडत. पडलेल्यांना पुढचा प्रश्न.

"मी काही जमवत नाही जी," नानाजी तोऱ्यात म्हणायचे. "तुमी विचारता, सुई सांगते." रदबदली करणं, कोणाची शिफारस करणं त्यांना खपत नसे.

माझी थोरली बहीण प्रेमलता टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचं कार्ड दर वेळी पडे. घोडं अडायचं ते बोलणी सुरू झाल्यावर. "लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल," असं मुलाची आई म्हणाली की आमची बाई चहाचा ट्रे उचलून सरळ आत. आई रडायची आणि बाबा कारण नसताना माझ्यावर ओरडायचे. तिला लग्न नको होतं असं नाही. साड्यांच्या दुकानात तिची नजर कुठे अडकते ते मी बघत होते. पण कानाला हेडफोन लावून अख्ख्या नागपूरला जोडून देणारी ती प्रेमलताही तिला सोडायची नव्हती. दोन्ही हवं म्हणणं म्हणजे तेव्हा शुद्ध आगाऊपणा.

एका रविवारी ती मला घेऊन नानाजींकडे गेली.

"नानाजी, आज मले विचारायचं आहे. पोरांच्या कार्डात सुई घाला."

"विचार ना पोरी."

"बायकोची नोकरी चालू ठेवाले कोन तयार आहे?"

नानाजींनी मुलांचा डबा ओढला, सुई उचलली आणि तिथेच थांबले. "त्याचं भोकच नाही वं."

"काहून नाही?"

"कोनं कधी विचारलंच नाही."

"मंग आता विचारा."

म्हातारा हट्टाला पेटला. सायकल काढून महाल, इतवारी पालथी घातली, एसटीनं उमरेडला गेला, एकेका मुलाला गाठून विचारलं. महिन्याभरानं निरोप आला, तेव्हा आम्ही धावतच गेलो. सगळ्या कार्डांना नवं भोक होतं. नानाजींना तोंडानं सांगवेना, म्हणून त्यांनी सुईला सांगायला लावलं. घातली, उचलली, हलवली. एकही कार्ड पडलं नाही.

प्रेमलता खिडकीबाहेर बघत राहिली. नानाजींच्या बायको रुख्माबाई चहा घेऊन आल्या होत्या. लग्नाआधी त्या शाळेत शिकवत. नानाजींच्या घरात आल्या आणि शाळा सुटली, हे सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं, बोलत कोणी नसे. कप ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तुमचं कार्ड याच्यात असतं, तं पडलं असतं का जी?"

नानाजींचा चेहरा उतरला. सुई खाली ठेवत म्हणाले, "नसतं पडलं."

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा घरोघर फिरू लागले. आता विचारायला नव्हे, सांगायला. "मी माह्या बायकोची शाळा सोडवली. चुकलं माहं." कोणी हसून घेतलं, कोणी दारातूनच वाटेला लावलं. उमरेडच्या केशव खापेकरनं मात्र सगळं ऐकून घेतलं. तो विजेच्या ऑफिसात कारकून होता. पुढच्या रविवारी तो स्वतः गांधीबागेत आला. आम्ही दोघी तिथेच बसलो होतो, पण आम्ही कोण हे त्याला माहीत नव्हतं.

"नानाजी, माह्या कार्डाचं ते भोक कापा."

नानाजींनी कात्री रुख्माबाईंच्या हातात दिली. त्यांनी कापलं. मग एकच कार्ड कापलेलं आहे हे ठाऊक असूनही नानाजींनी सगळी कार्डं जुळवली, सुई घातली आणि हलवली. केशवचं कार्ड प्रेमलतासमोर पडलं. ती लाजेल असं मला वाटलं होतं. ती हमसून हमसून रडली, आणि तिच्याबरोबर नानाजीही.

रुख्माबाईंनी कार्ड उचलून तिच्या हातात दिलं. "माही शाळा तं गेली," त्या म्हणाल्या. "तू सुट्टी नको घेऊ. सोमवारी कामावर जाजो."